पाण्यावरची टीप

थोरलीने खोडरबर कागदावर टेकवला आणि हलक्या हाताने पुसायला सुरुवात केली. प्रुफांचा कागद पातळ होता, जोर लावला असता तर फाटला असता. समासातली पेन्सिलीची अक्षरं एकेक करून गेली. 'ताई' गेलं, 'ही तर थट्टा' गेलं, 'गं' गेला. शेवटचं उद्गारचिन्ह मात्र दाबून काढलेलं होतं. पुसल्यावरही त्याचा वळ राहिला.

"ठकू, माझ्या प्रुफांना हात कुणी लावला?"

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. "घरात दोघीच तर आहोत. चोर आला असता तर वाचत नसता बसला."

ठकू हात पुसत दाराशी आली. थोरलीहून ती पाच वर्षांनी धाकटी. अठरा वर्षं ती डोंगराकडच्या खोऱ्यात सरकारी आरोग्यकेंद्रावर नर्स होती. सात महिन्यांपूर्वी निवृत्त झाली आणि दोन ट्रंका नि दुखरे गुडघे घेऊन आईवडिलांच्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहायला आली. तोवर घरात थोरली एकटीच असे. एकटी म्हणजे कादंबरीसोबत.

कादंबरी एकच. त्या खोऱ्यात जन्मलेल्या एका बाईने ती स्पॅनिशमध्ये लिहिली होती, कारण तिच्या काळी खोऱ्याची भाषा कुणी छापत नसे. तिची माणसं बोलत खोऱ्याच्या भाषेत आणि कागदावर उतरत स्पॅनिश होऊन. थोरली विद्यापीठात स्पॅनिश साहित्य शिकवायची, आणि तीस वर्षं ती या एका पुस्तकाचा माग काढत होती. कुठल्या वाक्याखाली खोऱ्यातला कुठला शब्द दडलाय, कुठला विधी, कुठली शिवी. आता निवृत्तीच्या तोंडावर विद्यापीठ तिची सटीप आवृत्ती छापत होतं. टिपा नऊशेच्या वर होत्या, पण लोकांना माहीत होती ती एकच. नवव्या प्रकरणातली.

त्या प्रकरणाच्या शेवटी जमिनीचा ताबा घ्यायला न्यायाधीश येतो. अंगणात घोड्यावरून उतरतो, कागद वाचून दाखवतो. घरातली म्हातारी सगळं ऐकून घेते आणि एवढंच विचारते, 'पाणी प्यायलास का?' प्रकरण तिथेच संपतं. खोऱ्यात पूर्वी शत्रूलाही आधी पाणी विचारत, म्हणून हे वाक्य म्हणजे क्षमा, आणि सगळी कादंबरी याच क्षमेकडे वाहत आलेली, असं थोरलीने मांडलं होतं. 'क्षमेचं पाणी' या तिच्या लेखावर तिला प्राध्यापकपद मिळालं. विद्यार्थी परीक्षेत तो लेख घोकून उतरवत.

"काय थट्टा आहे त्यात?" तिने विचारलं.

"अगं, बाळंतपण लांबलं की नवरा दाराबाहेर येरझाऱ्या घालत असतो ना, तेव्हा सुईण दार किलकिलं करून त्याला विचारते, पाणी प्यायलास का? त्याला वाटतं, केवढी माया! आणि आत कळा देणारीसुद्धा फिसकन हसते. म्हणजे, बाबा रे, तुझं काम नऊ महिन्यांपूर्वीच आटपलं, दमला असशील, पाणी पी आणि बाजूला बस." सांगता सांगता ठकूलाच हसू आवरेना. तिने चौकटीला धरलं. "आणि ती म्हातारी न्यायाधीशाला तेच विचारते! एवढा घोड्यावरून आलेला माणूस!"

थोरली हसली नाही. तिने खोडरबराचा भुगा फुंकला आणि पान पालथं केलं.

"मी स्वतः लेखिकेला विचारलं होतं," ती म्हणाली. "समोर बसून. अठ्ठावीस वर्षांची होते मी. माझा अर्थ त्यांना सांगितला, तर त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, लिहा, अगदी असंच लिहा."

ठकूने खालचा ओठ दातांत धरला आणि पाठ फिरवली. शेगडीवर काहीच नव्हतं, तरी ती शेगडीशी जाऊन उभी राहिली.

"अठरा वर्षं इंजेक्शनं टोचलीस म्हणून कादंबरी कळायला लागते असं नाही, ठकू."

"नाही," ठकू आतून म्हणाली. "तसं नाही." मग बराच वेळ बटाटे सोलल्याचा आवाज येत राहिला.

थोरलीकडे खोऱ्याच्या भाषेची तीन व्याकरणं होती आणि एक जाडजूड कोश, ज्याची बांधणी तिने दोनदा करून घेतली होती. क्रियापदांचे तक्ते तिला तोंडपाठ होते. एकदा तीन आठवडे ती टेपरेकॉर्डर घेऊन तिकडे राहूनही आली होती. पण तिथली माणसं तिच्याशी एकतर स्पॅनिशमध्ये बोलत, नाहीतर बहिऱ्याशी बोलावं तशी सावकाश, तोंड मोठं करून. आणि शाळेत व्याकरणात दोनदा आपटी खाल्लेली ठकू दर रविवारी सकाळी फोनवर तिकडच्या कुणा सुईणीशी तासभर बोले. धबधबा कोसळावा तशी. थोरली शेजारच्या खोलीत पेन हातात धरून बसे. 'बादली' कळे. 'जावई' कळे. क्रियापदाला कुठला प्रत्यय लागला हे तिला उमगेपर्यंत पलीकडे हसून झालेलं असे. मग ती उठून दार लावून घेई. आवाजाचा त्रास होतो, असं ती ठकूला सांगे, आणि स्वतःलाही.

त्या गुरुवारी ती चष्मा घरी विसरली. ठकू तो घेऊन विद्यापीठात आली. थोरली तास संपवून बाहेर पडली तेव्हा कॉरिडॉरच्या टोकाला, सूचना फलकाखाली, ठकू उभी होती आणि तिच्यासमोर मास्तर.

मास्तर विभागात खोऱ्याची भाषा शिकवत. त्यांची ती मातृभाषा. अबोल माणूस, थोरलीशी अकरा वर्षांत ते कायम स्पॅनिशमध्येच बोलले होते, तेही वेळापत्रकाबद्दल. तिने एकदोनदा त्यांच्या भाषेत सुरुवात केली होती, तर त्यांनी सभ्यपणे वाक्य दुरुस्त करून उत्तर स्पॅनिशमध्ये दिलं होतं. आता तेच मास्तर भिंतीला टेकून, पोट धरून हसत होते. ठकू हातांनी कसलीशी शिंगं दाखवत होती, बहुधा बकऱ्याची. मास्तरांचे सगळे दात दिसत होते. थोरलीने ते पहिल्यांदाच पाहिले. वरच्या बाजूला एक सोन्याचा होता.

"ताई, हा घे चष्मा," ठकूने हाक मारली. "अगं, हे तर आमच्या केंद्राच्या पलीकडच्याच गावचे निघाले!"

मास्तर सरळ उभे राहिले, कोट ओढून नीट केला आणि स्पॅनिशमध्ये म्हणाले, "आपल्या भगिनी फार छान बोलतात, मॅडम."

"हो का," थोरली म्हणाली. चष्मा तिने तिथेच डोळ्यांवर चढवला. काचेवर ठकूच्या बोटांचे ठसे होते.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी तिला बोलावून घेतलं. मास्तर त्यांच्याकडे बोलले होते. आवृत्तीच्या प्रकाशनाला तिच्या बहिणीने चार शब्द बोलावेत, खोऱ्यातली भाषा, तिथलं जगणं, काहीही. लोकांना असं जिवंत काहीतरी हवं असतं.

"विचारते," थोरली म्हणाली.

तिने विचारलं नाही. सोमवारी जिना चढताना प्रमुख भेटले तेव्हा ती म्हणाली, "नाही म्हणते हो ती. गुडघे फार दुखतात. आणि चारचौघांत बोलायचं म्हटलं की घाबरते." हे बोलताना जिन्याच्या कठड्यावरचा तिचा हात जरासुद्धा हलला नाही. जिच्या आवाजाला अख्खं आरोग्यकेंद्र दबकून असे, ती ठकू त्या वेळी घरी शेजारणीच्या नातवाचा ताप बघत होती.

त्याच दुपारी थोरलीने आपल्या खोलीतलं खालचं कपाट उघडलं. तीन आठवड्यांच्या त्या मुक्कामातल्या ध्वनिफितींचं लिप्यंतर चार फाईलींत लावलेलं होतं. काय शोधायचं ते माहीत असलं की सापडायला वेळ लागत नाही. तिसऱ्या फाईलीत, एका सुईणीच्या घरी केलेल्या ध्वनिमुद्रणात ते वाक्य होतं. 'पाणी प्यायलास का?' त्यापुढे कंसात तिच्याच त्या वेळच्या नेटक्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'हशा. बायका बराच वेळ हसतात.' आणि त्यापुढे नवा परिच्छेद, जोंधळ्याच्या पेरणीबद्दल.

ती ते पान मांडीवर घेऊन बसून राहिली. खाली मैदानात कुणीतरी चेंडू भिंतीवर आपटत होतं. तिने मोजायचं नाही ठरवलं तरी आपटण्याचे आवाज मोजले गेले, त्रेचाळीसपर्यंत.

मग तिने नवी टीप लिहायला घेतली. दोन तासांत लिहून झाली. इतकी सरळ, इतकी हलकी टीप तिने कधी लिहिली नव्हती. सुईणीचा प्रश्न, दाराबाहेरचा नवरा, आतल्या बायका, अंगणातला न्यायाधीश. क्षमा नव्हे, उपहास. सगळी कादंबरी एका वाक्यात उलटी फिरली होती आणि आधीपेक्षा शंभरपट जिवंत झाली होती. शेवटी तिने लिहिलं, 'हा अर्थ प्रस्तुत संपादिकेने प्रत्यक्ष मुलाखतींच्या ध्वनिमुद्रणावरून निश्चित केला आहे.' वाक्य पुन्हा वाचलं. त्यात खोटं काही नव्हतं. ध्वनिमुद्रण होतंच. तिने टीप प्रकाशन विभागाकडे पाठवून दिली.

आठ दिवसांनी दुरुस्त पानाचं प्रूफ पाकिटातून घरी आलं. ती बाहेर गेलेली असताना आलं होतं, आणि ठकूने ते न उघडता टेबलावर, बरोबर मधोमध ठेवलं होतं. थोरलीने ते उघडलं, वाचलं, तसंच हातात धरून ठेवलं. समोर ठकू कॉफी ढवळत होती.

"वाचू?" ठकूने विचारलं.

थोरलीने पान पुढे सरकवलं. आता होऊन जाऊ दे, असं तिच्या हालचालीत काहीतरी होतं.

ठकू ओळीखाली बोट धरून वाचे. लहानपणापासूनची सवय. वाचून झाल्यावर तिने बोट उचललं नाही.

"परवा बाजारात मास्तर भेटले होते," ती म्हणाली. "माझ्या गुडघ्यांची चौकशी करत होते."

थोरलीने साखरेचं भांडं उगाच बाजूला सरकवलं.

"मी म्हटलं, बरे आहेत, थंडीत जरा कुरकुरतात." ठकूने एक घोट घेतला. "हे छापलं गेलं का, ताई?"

"अजून नाही. का? तुझं नाव घालायला हवं होतं, हेच ना?" थोरलीचा आवाज अचानक चढला. "घालते. सांगते त्यांना. तुझंच नाव घालते, मोठ्या अक्षरात."

"माझं नाव?" ठकूने वर पाहिलं. तिला खरोखरच काही कळलं नव्हतं असं तिच्या तोंडावर दिसत होतं. "माझं नाव काय करायचंय? अगं, ही बायकांतली गोष्ट आहे. बाळंतिणीच्या खोलीतली. ती दाराबाहेर जात नाही. पुरुषांना ठाऊक नसते. मास्तरांना विचारून बघ, तेसुद्धा तुला पाण्याच्या रिवाजाबद्दलच सांगतील. त्यांच्या आईला मात्र पक्की ठाऊक असणार."

"पण कादंबरीत तर आहे ना. छापून आलीय. साठ वर्षं झाली."

"म्हणून तर! त्या बाईने सगळ्या जगाच्या नाकासमोर आणून ठेवली आणि कुणाला पत्ता लागला नाही. खोऱ्यातल्या बायका त्या पानाला काय हसतात. वाचता न येणाऱ्यासुद्धा. कुणीतरी वाचून दाखवायचं आणि सगळ्यांनी तोंडात बोळे कोंबायचे."

"मग मला कशाला सांगितलंस?"

ठकूने बोटाने कपाची कड पुसली. "तू बाई आहेस म्हणून. वाटलं, तू पण हसशील."

खिडकीतून आलेलं ऊन टेबलावरच्या पानाच्या अर्ध्या भागावर पडलं होतं. थोरलीने पान उन्हातून बाजूला घेतलं.

"आणखी एक आहे," ठकू म्हणाली. "आता सांगूनच टाकते, नाहीतर कधीतरी दुसरीकडून कळेल. तुझा तो लेख, क्षमेचं पाणी. तो मी तिकडे नेला होता."

"कशाला?"

"कौतुकाने गं. माझी बहीण म्हणून. केंद्रावरच्या सुईणींना मोठ्याने वाचून दाखवला, एकेक वाक्य त्यांच्या भाषेत सांगत." ती थांबली. "एक तर खाटेवरून खाली पडली."

थोरलीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. तरी तिने विचारलं ते तिच्या नेहमीच्या, मुलाखतीत विचारायच्या आवाजात. "किती जणी होत्या?"

"तेव्हा सहा. पुढे कुणी नवी मुलगी शिकायला आली की त्या म्हणायच्या, हिला लेख वाचून दाखव. नऊ वर्षं वाचला. मला पाठ झालाय."

"नऊ वर्षं."

"वाईट नव्हत्या हसत, ताई. म्हातारी मुख्य सुईण काय म्हणायची माहीत आहे? म्हणायची, तुझ्या बहिणीने फार भारी कुलूप घातलंय दाराला. आता शंभर वर्षं कुणी आत डोकावत नाही."

थोरली उठली. खुर्ची मागे सरकवताना ती फरशीवर कर्कश वाजली. पान घेऊन ती आपल्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. ठकूने तासाभराने दारावर टकटक केलं, बशीत पाव आणि लोणी घेऊन. "भूक नाही," असं उत्तर आलं. रडवेला आवाज नव्हता तो. आकडेमोड करताना कुणीतरी मध्येच टोकल्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या ठोक्याला तिने प्रकाशन विभागातल्या मुद्रितशोधकाला फोन लावला.

"नवव्या प्रकरणाची टीप बदलायची आहे. जुनीच ठेवा."

"जुनी? पाण्याच्या रिवाजाची?"

"तीच. शब्दन् शब्द."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "मॅडम, लहान तोंडी मोठा घास होईल, पण नवी फार झकास आहे हो. मला तर तो प्रसंग आत्ता कुठे कळला. एकटाच हसत बसलो होतो टेबलाशी."

थोरलीने फोनची तार बोटाभोवती गुंडाळली. "कुणाला दाखवलीत?"

"नाही, अजून कुणालाच नाही."

"मग विसरून जा."

"पण मॅडम, असं चुकीचं..."

"चुकीचं आहे हे कोण म्हणतं?" ती म्हणाली. "तीस वर्षं मी या पुस्तकावर काम करतेय." आणि तिने फोन ठेवला. तारेचे वळ बोटावर उमटले होते. स्वयंपाकघरात ठकू दूध उतू जाऊ नये म्हणून पातेल्यावर फुंकर घालत होती. तिने ऐकलं असेल किंवा नसेल. दोघींनी त्याबद्दल पुन्हा अवाक्षर काढलं नाही. विभागप्रमुखांना मात्र थोरलीने निरोप दिला, की बहीण बोलणार नाही, पण येईल. आणि तिच्यासोबत खोऱ्यातल्या चौघी सुईणी आहेत, सरकारी प्रशिक्षणासाठी शहरात आलेल्या, त्यांनाही जागा लागेल.

प्रकाशनाच्या दिवशी सभागृह निम्मं भरलं. पुढे कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक, वार्ताहर. दुसऱ्या रांगेत मास्तर, मांडीवर वही उघडून. अगदी शेवटच्या रांगेत ठकू, आणि तिच्या दोन्ही बाजूंना दोन दोन बायका, जाड लोकरी शाली पांघरलेल्या. त्यांतली एक फार म्हातारी होती. ती सभागृहाचं छत न्याहाळत होती.

भाषणं झाली. मग प्रमुख उठून म्हणाले की आज मॅडमच्या तोंडून ती प्रसिद्ध टीप ऐकल्याशिवाय कुणी घरी जाणार नाही. टाळ्या पडल्या.

थोरलीने ही टीप आजवर किती ठिकाणी वाचली होती याला गणती नव्हती. वाचताना ती कधी मान वर करत नसे. आज तिने पुस्तक जरा उंच धरलं.

"'पाणी प्यायलास का,'" तिने सुरुवात केली, "या तीन शब्दांच्या प्रश्नात एका प्राचीन संस्कृतीचं अवघं औदार्य सामावलेलं आहे."

शेवटच्या रांगेत ठकू शेजारणीच्या कानाशी लागून भाषांतर करू लागली. एक शाल हलली. मग दुसरी.

"दाराशी आलेल्या पुरुषाची," थोरली पुढे वाचत गेली, "तहान ओळखणारी ही म्हातारी..." इथे ती थांबली. टिपेत इथे स्वल्पविरामसुद्धा नव्हता. तिने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि वाक्य अतिशय गंभीर आवाजात पूर्ण केलं, "...त्याला जणू दुसरा जन्म देते."

मागे एक बाई खुर्चीखाली काहीतरी शोधायला वाकली ती वर येईना. म्हातारीने शालीचं टोक दोन्ही डोळ्यांवर दाबून धरलं होतं. ठकू ताठ बसली होती, नजर सरळ व्यासपीठाकडे, आणि तिचे गाल ओले झाले होते. दुसऱ्या रांगेत मास्तर भराभर लिहून घेत होते. व्यासपीठावरून शेवटची रांग फार लांब होती. थोरलीने उरलेला परिच्छेद गरजेपेक्षा बराच सावकाश वाचला.

टाळ्या थांबल्यावर प्रमुख तिच्या जवळ आले.

"बघितलंत, मॅडम? मागे त्या खोऱ्यातल्या बायका बसल्या होत्या. डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं त्यांच्या. किती हेलावल्या होत्या!"

"हो," थोरली म्हणाली. "फार वर्षांपासून."